बावीस कला

आमच्या जळकोटात कोनाचं कुणाला अप्रूप नाही. गवंड्याच्या पिशवीत गुण्या आणि ओळंबा असतो, तेवढ्यावर घर उभं राहतं. बाकीचे सगळे कोन पंचांगात असतात आणि पंचांग सोलापूरहून येतं, दात्यांचं. तिथी म्हणजे तरी काय? चंद्र सूर्याच्या किती अंश पुढं गेला, त्याचा हिशेब. बारा अंश झाले की एक तिथी सरली, दुसरी लागली. म्हणजे शुद्ध एकादशीचा उपास धरणारा माणूस खरं पाहता १२० अंशांपासून १३२ अंशांपर्यंत भगर खात असतो. हे मी पारावर सांगितलं तर एक म्हातारे म्हणाले, "अंशाचं राहू द्या, साबुदाणा चालतो का तेवढं सांगा."

पंचांग वाचता येतं, एवढ्या भांडवलावर गावात माझी थोडीफार पत आहे. लग्न, वास्तुशांत, बोअर पाडायचा दिवस, ट्रॅक्टर दारात आणायची वेळ. लोक येतात, मी रकान्यावर बोट ठेवून सांगतो. त्यामुळं अंश, कला, विकला ही माझी रोजच्या वापरातली चिल्लर आहे. अंशाचे साठ भाग केले की एक कला, कलेचे साठ केले की एक विकला. चंद्राचं बिंब तीस-एकतीस कलांचं. हात लांब करून करंगळी धरली तर तिच्याआड ते सहज लपतं, इतकं लहान. उगवताना ते परातीएवढं वाटतं, पण तो डोळ्यांचा भोळेपणा झाला.

तर पुतणी यंदा बारावीला. सायन्स. फिजिक्सचं पुस्तक इंग्रजीत, शिकवणी मराठीत आणि ताण दोन्ही भाषांत. संध्याकाळी ओसरीवर बसून ती काहीतरी पुटपुटत होती. तिचं पुटपुटणं आरतीच्या चालीवर असतं: डी साइन थीटा बरोबर एन लॅम्डा, डी साइन थीटा बरोबर एन लॅम्डा.

"काय करायलीस?"

"फ्रिंजचा अँगल काढायलेय, तात्या."

अँगल म्हटल्यावर मी सरकून बसलो. गणित असं होतं: दोन फटी, दोन्हींमधलं अंतर मिलिमीटरचा दहावा हिस्सा. उजेड लाल, लाटेची लांबी ६५०० अँगस्ट्रॉम. तर मधल्या उजळ पट्ट्यापासून पहिला उजळ पट्टा किती कोनावर? तिचं उत्तर आलं होतं शून्य पॉइंट तीन सात अंश.

"अंशात कशाला सांगतीस? कलेत सांग."

तिनं साठनं गुणलं. "बावीस."

"मग असं म्हण की. चंद्राच्या पाऊण बिंबाला थोडा कमी."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या पुस्तकातला थीटा तोवर नुसता थीटा होता. आता तो आभाळात पाऊण चंद्र होऊन बसला आणि मला वाटतं, तिथून पुढं तिला माझ्याविषयी जरा बरं मत झालं.

यातली गंमत ज्यांना शाळेत कुणी सांगितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एकाच ठिकाणाहून आलेला उजेड दोन बारीक फटींतून पलीकडच्या भिंतीवर पाडला, तर भिंतीवर दोन रेघा दिसाव्यात असं आपल्याला वाटतं. दिसतात मात्र कितीतरी. एक उजळ, एक काळी, परत उजळ, परत काळी. कारण उजेड ही लाट आहे. भिंतीच्या मधोमध दोन्ही फटींकडून वाट सारखीच, तिथं लाटेच्या माथ्यावर माथा येतो आणि उजेड वाढतो. जरा बाजूला सरकलं की एका फटीकडून येणारी वाट किंचित लांब होते. ती अर्ध्या लाटेनं लांब झाली की एकीचा माथा दुसरीच्या खोलात पडतो आणि तिथं अंधार. पूर्ण लाटेनं लांब झाली की परत उजेड. उजेडात उजेड मिळवून अंधार येतो, हे मला अजूनही पटवून घ्यावं लागतं. पण हिशेब चोख आहे. मधल्या काळ्या रेघांतला उजेड कुणी खाल्लेला नसतो, तो शेजारच्या उजळ पट्ट्यांत जाऊन बसलेला असतो. बेरीज कुठं चुकत नाही, वाटप तेवढं विषम.

आणि सूत्र एका ओळीचं. फटींमधलं अंतर गुणिले कोनाची ज्या, म्हणजे साइन, बरोबर एक लाट, दोन लाटा, तीन लाटा. पुतणीची आरती ती हीच.

आता हे गणित परीक्षेत सोडवायचं कसं? बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. जग मोबाइलवर आलं पण बारावीचं पोरगं अजून परीक्षेला जाताना ती पातळ पुस्तिका बरोबर नेतं, हे मला फार आवडतं. तिच्यात आणि माझ्या पंचांगात उघडून बघितलं तर काही फरक नाही. तेच उभे रकाने, तेच बोट, तीच डोळे बारीक करून घेतलेली नजर. मी पुतणीला म्हटलं, तू ज्या काढतीस, मग उलटी ज्या बघतीस, मग अंशाच्या कला करतीस. एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? लाटेला अंतरानं भाग आणि ३४३८ नं गुण. कला हातात येतील.

तिनं करून बघितलं. लाटेची लांबी भागिले अंतर, म्हणजे ०.००६५. त्याचा लॉग बार तीन पॉइंट आठ एक दोन नऊ. ३४३८ चा लॉग तीन पॉइंट पाच तीन सहा तीन. बार तीन आणि साधे तीन एकमेकांना खाऊन गेले, उरले एक पॉइंट तीन चार नऊ दोन. अँटिलॉग पाहिला: बावीस पॉइंट तीन पाच.

"ही ३४३८ कुठनं आणली, तात्या?"

आर्यभटाकडून. वर्तुळाचा परीघ ३६० अंश, म्हणजे २१६०० कला. त्याला पायच्या दुपटीनं भागलं की त्रिज्या येते, ३४३८ कला. आर्यभटाची त्रिज्या अशी परिघाच्याच मापानं मोजलेली आहे. एकच फूटपट्टी वाकडी करून परिघावर लावायची, सरळ करून त्रिज्येवर लावायची. 'आर्यभटीय' इ. स. ४९९ मधलं. त्यात पाव वर्तुळाचे चोवीस टप्पे पाडलेत, दर टप्पा २२५ कलांचा, आणि प्रत्येक टप्प्याच्या ज्येतली वाढ दिली आहे. त्यातली पहिली ज्या किती? २२५. कंसही २२५, ज्याही २२५. इतक्या लहान कंसाला वाकडं आणि सरळ यांतला फरक एका कलेचाही नाही, मग कशाला उगीच अपूर्णांक लिहा! पुतणीच्या पुस्तकात यालाच स्मॉल अँगल ॲप्रॉक्सिमेशन म्हटलंय आणि त्याच्याखाली रेघ मारलीय.

हीच ३४३८ ची त्रिज्या पुढं भास्कराचार्यानं ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त घेतली. भास्कराचार्य म्हणजे आपल्याच मुलखातला माणूस. चाळीसगावजवळ पाटण्याला त्याच्या नातवाचा, चांगदेवाचा, १२०७ चा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातवानं मठ काढला, त्याची ती नोंद. नातवांनी आजोबांची पुस्तकं रद्दीत घालू नयेत म्हणून मी हा शिलालेख घरात वरचेवर सांगत असतो.

आता गंमत बघा. आपल्या फटींचा पहिला पट्टा बावीस कलांवर, दुसरा चव्वेचाळीसच्या पुढं, असं करत दहावा येतो सव्वादोनशेच्या अलीकडं, नेमका २२३ आणि २२४ च्या मध्ये. म्हणजे पहिले दहाच्या दहा पट्टे आर्यभटाच्या पहिल्या पायरीवर मावतात. तिथवर नुसता पाढा म्हणत जावं, ज्या-बिज्या बघायचं कारण नाही. पण पाढ्याची सवय लागली की माणूस थांबत नाही. पुतणीनं पुढं विचारलं, असे एकूण पट्टे किती? तर ज्या एकच्या वर जात नाही, त्यामुळं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शात लाल लाटा जितक्या पूर्ण बसतील तितकेच पट्टे एका बाजूला. बसतात १५३. शेवटचा १५३ वा पट्टा पाढ्यानं काढला तर येतो सत्तावन्न अंशांवर. खरा असतो चौऱ्याऐंशी अंशांवर, जवळजवळ भिंतीला समांतर. आणि १५४ वा विचारलात तर गणितच हात वर करतं. इतक्या लांबचे पट्टे डोळ्यांना दिसत नाहीत, फार मंद असतात, पण गणिताला त्याचं काय. त्याला कुठवर जायचं नाही हेही माहीत असतं, एवढंच पुष्कळ झालं.

मग साहजिकच वाटलं, हे बघायचं कसं? कॉलेजात सोडियमचा दिवा असतो, बायप्रिझम असतो, मायक्रोमीटर असतो. आमच्या घरात फोटोच्या फुटक्या फ्रेमची काच होती. तिला काजळी धरायची ठरवली. रॉकेल आता रेशनला मिळत नाही, म्हणून गोडेतेलाची मोठी पणती लावली. आमची आई एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली उपडी धरून काजळ पाडायची, तो हात मी बघितलेला होता. काच ज्योतीत नाही, ज्योतीच्या टोकावर धरायची आणि हलवत राहायचं, नाहीतर तडकते. सगळीकडं सारखी काळी झाली की दाढीची दोन ब्लेडं एकावर एक घट्ट धरायची आणि पट्टी लावून काजळीवरून एकदाच, हलक्या हातानं ओढायची. दोन धारांच्या दोन रेघा उमटतात. ब्लेड मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढं जाड असतं, तेवढंच दोन रेघांमधलं अंतर. नुसती बघितली तर एकच रेघ वाटते. उजेडासमोर धरून, श्वास रोखून बघितली तर मधोमध केसाहून बारीक काळी वाट दिसते. ती दिसली की काम झालं.

जत्रेत मिळतो तो लाल लेझर तिच्यावर धरला. (हा कुणाच्या डोळ्यांत मारायचा नाही. पोरांना हे दर वेळी सांगावं लागतं आणि दर वेळी एक पोरगं निघतंच.) दहा फुटांवर चुन्यानं पोतारलेली भिंत. ओसरीचा दिवा घालवला आणि भिंतीवर लाल ठिपक्यांची आडवी माळ उमटली, ठिपका, अंधार, ठिपका, अंधार, टोकांकडं विझत गेलेली. वहिनी स्वयंपाकघरातून पीठभरल्या हातांनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "भिंतीला गोवर आलाय का?"

त्यांचीच शिवणाची टेप आणून ठिपक्या-ठिपक्यांतलं अंतर मोजलं. हिशेबानं तीन मीटरवर ते दोन सेंटिमीटरला अर्धा मिलिमीटर कमी यायला हवं. टेपवर आलं दोन सेंटिमीटरच्या आसपास. टेप जरा सैल झालेली आहे, ब्लाउजांच्या मापांतही हे दिसतं.

पण इथं मी थांबलो. कारण पुतणीच्या पुस्तकात गणित सुलट आहे: लाट दिलेली, कोन काढा. जगात ते उलट घडलं. कोन दिसला आणि त्यावरून लाट निघाली. त्या टेपनं आम्ही ठिपक्यांतलं अंतर मोजलं खरं, पण भिंतीच्या अंतरानं भागलं आणि फटींच्या अंतरानं गुणलं की हातात येते ती लाल उजेडाच्या लाटेची लांबी, मिलिमीटरचा दीड हजारावा हिस्सा. शिवणाच्या टेपनं! बावीस कलांच्या या कोनात एवढी ताकद आहे. भिंत लांब न्यावी तसं अंतर वाढत जातं, फटी जवळ आणाव्यात तसा कोन मोठा होतो, आणि डोळ्याला कधीच न दिसणारी गोष्ट दोन सेंटिमीटरची होऊन चुन्यावर बसते. लेझर हिरवा असेल तर कोन अठरा कलांवर येतो, जांभळा असेल तर चौदावर. रंग म्हणजे काय याचं यापेक्षा सरळ उत्तर मला तरी कुणी दिलेलं नाही.

ही उलटी वाट पहिल्यांदा चालला तो टॉमस यंग, लंडनचा एक डॉक्टर. १८०१ मध्ये त्यानं रॉयल सोसायटीपुढं प्रकाशाच्या लाटा मांडल्या. १८०३ मध्ये खिडकीच्या भोकातून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत कागदाची पातळ पट्टी आडवी धरून तिच्या दोन बाजूंनी येणाऱ्या उजेडाचे पट्टे दाखवले. पट्टी इंचाच्या तिसाव्या हिश्शाएवढी. तांबड्या टोकाच्या लाटा एका इंचात ३६ हजार आणि जांभळ्या टोकाच्या ६० हजार, हे आकडे त्यानं १८०७ च्या व्याख्यानांत छापले. आजच्या मोजमापांपुढंही ते लाजत नाहीत. पण न्यूटनसाहेब प्रकाशाला कण म्हणून गेले होते, आणि गेलेल्या मोठ्या माणसाच्या विरुद्ध बोलणं इंग्लंडातही सोपं नसावं. 'एडिंबरा रिव्ह्यू'त हेन्री ब्रूहॅमनं यंगवर अशी टीका केली की त्यानं उत्तरादाखल एक पुस्तिकाच छापली. तिची एकच प्रत खपली, असं यंगनंच पुढं सांगितलं. मराठीत पुस्तकं काढणाऱ्यांनी हे वाक्य चौकटीत लावावं, धीर येतो.

यंगची पट्टी वाचून आम्ही काच बाजूला ठेवली आणि लेझरच्या तोंडावर नुसता एक केस चिकटवला. केसाच्या दोन बाजूंनी उजेड वळतो आणि भिंतीवर लाल पट्ट्यांत सारख्या अंतरानं काळ्या खाचा पडतात. इथं फट एक धरायची, केसाच्याच जाडीची, आणि हिशेब काळ्या खाचांचा करायचा. ३४३८ मात्र तीच. पुतणीचा केस लावला तेव्हा तीन मीटरवर खाचांमधलं अंतर भरलं दोन पॉइंट आठ सेंटिमीटर. म्हणजे कोन बत्तीस कला. अख्खा चंद्र! आणि केस मिलिमीटरच्या शंभर भागांतले सात. केस जितका बारीक तितके पट्टे लांब पांगतात, त्यामुळं मग घरात प्रत्येकाला आपला केस भिंतीवर बघायचा होता. एका केसाचे पट्टे अगदी दाटीवाटीनं आले. मी जाडीचा आकडा तेवढा वाचून दाखवला, बाकी काही बोललो नाही. त्या रात्री भाजीत मीठ जास्त होतं.

धाकट्या पुतण्याची शंका निराळी होती. ओसरीला दोन बल्ब आहेत, मग भिंतीवर रोज पट्टे का पडत नाहीत? शंका नामी आहे. उत्तर द्यायला मी त्याला नळदुर्गला नेलं. तसंही पावसाळ्यात जायचंच होतं. बोरी नदीवर किल्ल्यात बांधलेला तो बंधारा, त्याच्या पोटात पाणीमहाल, १६१३ मधला, दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळचा. नदी भरून आली की पाणी दोन सांडव्यांतून खाली कोसळतं, एकाला नर म्हणतात, दुसऱ्याला मादी. सोलापूरपासूनची माणसं ते बघायला लोटतात. मधल्या महालात उभं राहिलं की समोरून पाण्याचा पडदा पडतो आणि आपण कोरडे. दोन फटी, एकच नदी, मागं एकच साठा. यापेक्षा चांगली जागा कुठं मिळणार? पण खाली बघावं तर नुसता फेस, तुषार आणि सेल्फी काढणारे. पट्टे काही नाहीत. कारण दोन्हींकडच्या लाटांची पावलं जुळलेली नाहीत. नर एका तालात उसळतो, मादी भलत्याच, आणि दोघांचा ताल क्षणाक्षणाला बदलतो.

बल्बांचं तेच. प्रत्येकाच्या तारेतले अणू आपापल्या मर्जीनं उजेड टाकतात. दोन बल्बांच्या लाटांचं नातं सेकंदात कोट्यवधी वेळा बदलतं. पट्टे पडतच नाहीत असं नाही, पण ते इतक्या वेगानं इकडंतिकडं पळतात की डोळ्याला सरासरी दिसते, सपाट उजेड. म्हणून यंगनं आधी एकाच भोकातून ऊन आत घेतलं आणि मग त्याची वाटणी केली. एका घरच्या दोघांतच ही भानगड होते, परक्यांत होत नाही. हे वाक्य मी पुतण्याला प्रकाशाबद्दल म्हणून सांगितलं, पण शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी अशी मान डोलवली की त्यांच्या शेताच्या वाटणीचा खटला चालू असावा.

ज्यांना या लहान कोनांतच संसार करायचा असतो अशी माणसं महाराष्ट्रात आहेत. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली जीएमआरटी दुर्बीण, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या, टोकाटोकाच्या थाळ्यांत पंचवीस किलोमीटरपर्यंतचं अंतर. तिथं उजेडाऐवजी आकाशातल्या रेडिओलहरी घेतात. एक दूरचा तारकापुंज, दोन थाळ्या म्हणजे दोन फटी, आणि तिथल्या माणसांच्या तोंडीही शब्द तोच, फ्रिंज. हायड्रोजनची लाट २१ सेंटिमीटर, म्हणजे वीतभर. वीतभर भागिले पंचवीस किलोमीटर, गुणिले ३४३८, पुन्हा गुणिले साठ. पावणेदोन विकला! अंशाचे ३६०० भाग करून त्यातले दोनही नाहीत. नारायणगाव तमाशाच्या फडांसाठी प्रसिद्ध. सुपाऱ्या द्यायला आपल्याकडची माणसं तिथवर जातात. त्यांनी वाकडी वाट करून त्या थाळ्याही बघून याव्यात. द्राक्षबागांमधून वर आलेली ती जाळीची पात्रं सावकाश मान वळवताना बघितली की दोन्ही कामं सारखीच गंभीर वाटू लागतात.

आणि आता तर मराठवाड्यातच, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथाजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा होऊ घातलीय. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली, खर्च २६०० कोटी. तिथं फटी नाहीत. एकाच लेझरचा उजेड दोन काटकोनी वाटांनी चार-चार किलोमीटर पाठवायचा, आरशांवरून परत आणायचा आणि दोघांची गाठ अशी घालायची की बाहेर अंधार पडावा. मग त्या अंधाराची राखण करत बसायचं. गुरुत्वलहर आली आणि एक वाट प्रोटॉनच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी लांब झाली, तरी तो अंधार किंचित उजळतो. अमेरिकेतल्या यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला असा उजेड पहिल्यांदा पकडला. सगळ्या जन्माची हुशारी पणाला लावून, कोट्यवधी खर्चून, नीट अंधार करायचा! आमच्याकडं हे काम वीजमंडळ फुकट करतं, असं पुतणी म्हणाली. मी तिला दटावलं, पण फार नाही.

हे सगळं इथवर सुरळीत होतं. मग तिनं ते शेवटचं पान काढलं, सिलॅबसच्या कडेवरचं. उजेड फार मंद केला तर? केंब्रिजला जेफ्री टेलर नावाच्या तरुणानं १९०९ मध्ये हे केलेलं आहे. त्यानं ज्योतीपुढं काजळी धरलेल्या काचा लावून उजेड मंद केला. मैलभर लांबच्या मेणबत्तीचा पडेल तेवढाच. समोर केसाऐवजी सुई आणि मागं फोटोची काच. सगळ्यांत लांबलेलं चित्र उमटायला तीन महिने लागले, आणि त्या काळात स्वारी शिडाची होडी घेऊन फिरायला गेली होती असं सांगतात. काजळी, काच, सुई. आमच्या ओसरीवरचंच सामान. पट्टे पडलेच, तसेच ठळक. १९८९ मध्ये जपानात हिताचीच्या आकिरा तोनोमुरांनी एका वेळी एकच इलेक्ट्रॉन सोडून दाखवला. पडद्यावर एकेक ठिपका कुठंही उमटतो, पण हजारो ठिपके साठले की त्यांचे पट्टे होतात, नेमके हिशेबाच्या कोनावर. एकटाच आलेला कण दोन्ही वाटांचा हिशेब ठेवून पडतो. आणि तो कुठल्या वाटेनं गेला हे टिपायची सोय केली, की पट्टे नाहीसे.

यावर मी बराच वेळ काही बोललो नाही. कारण आमच्याकडं एक खंडोबा आहे. मूर्ती एक, मंदिरं दोन, एक अणदूरला, एक नळदुर्गला. वर्षातले दहाएक महिने देव अणदुरात असतो आणि उरलेले दोनेक नळदुर्गात. पौष पौर्णिमेची यात्रा तिथंच भरते. देव नेताना-आणताना दोन्ही गावच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. त्यामुळं देव आज कुठल्या गावी आहे, हे लहान पोरालाही विचारा, बिनचूक सांगतं, आणि विचारलं म्हणून यात्रेतली गर्दी कमी होत नाही. प्रकाशकणाचा असा काही करारनामा नाही. त्याला पत्ता विचारला की यात्राच मोडते.

"कण कुठल्या फटीतून गेला, हे पेपरात विचारतात का?" मी म्हटलं.

"नाही. अँगल विचारतात. दोन मार्काला."

"मग अँगलचं बघ."

ती बघतच होती. पुढचं गणित पिवळ्या उजेडाचं होतं, ५८९० अँगस्ट्रॉम, फटी पाव मिलिमीटरवर. तिनं लॉग टेबल उघडलं, ३४३८ चा लॉग आता पाठच झाला होता, आणि आठ कलांचं उत्तर माझ्याआधी काढलं.

"तात्या, पेपरात ३४३८ लिहिलं तर मार्क कापतील का?"

"उत्तर अंशात लिही. कला कंसात."

"कंसातलं तपासत नाहीत," ती म्हणाली.